मशालीच्या उजेडातला मुखवटा: कागद, खळ आणि कॅमेरा

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून देवदेवतांची सोंगं नाचवण्याच्या आदिवासी उत्सवात, रात्री संबळ वाजायला लागतो, मशाली पेटतात आणि एकेक सोंग पुढे येतं. गणपती, शारदा, रावण, नरसिंह. तेच मुखवटे दिवसा जवळून पाहिले तर भुवया फार जाड वाटतात, रंग भडक वाटतात. पण हलत्या पिवळ्या उजेडात, लांब बसलेल्या माणसाला त्याहून बारीक काही दिसतच नाही. असा कागदाचा मुखवटा मातीच्या साच्यावर स्वतः घडवून त्याचे फोटो काढायचे असतील, तर माती मळायच्या आधी एक गोष्ट ठरवा: मुखवटा कुठल्या उजेडात दिसणार आहे? नाकाची उंची, रंग, वॉर्निश, सगळं त्यावर ठरतं.

मोठ्या माणसाला घालायचा मुखवटा साधारण २६ सेंमी उंच आणि १९ सेंमी रुंद धरा. फळीवर प्लास्टिक पसरा, मध्ये रद्दीचा घट्ट बोळा ठेवा. मग त्यावर चेहरा घडवायला ४ किलो शाडू पुरते. माती पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवी. हनुवटीखाली किंवा नाकपुडीत माती आतल्या बाजूला वळू देऊ नका, नाहीतर वाळलेला कागद तिथे अडकतो आणि काढताना फाटतो. चेहरा झाला की खोलीत अंधार करून एका बाजूनं टॉर्च मारा. भुवईची सावली डोळ्यावर आणि नाकाची गालावर पडली पाहिजे. पडत नसेल तर माती आत्ताच वाढवा. वर चढणारा कागदाचा प्रत्येक थर कोपरे बोथट करत जातो, त्यामुळे सुरकुती हवी त्याच्या दुप्पट खोल कोरा.

खळीसाठी, म्हणजे कागद चिकटवायच्या मैद्याच्या चिकीसाठी, १०० ग्रॅम मैदा १०० मिली थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, ६०० मिली उकळत्या पाण्यात ओता आणि मंद आचेवर ५ मिनिटं ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवा. कोमट झाल्यावर ५० ग्रॅम फेव्हिकॉल आणि चमचाभर मेथीची पूड घाला. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायची रीत आहे, पण मोरचूद विषारी असतं. नाकातोंडावर बसणाऱ्या मुखवट्यात ते नकोच. खळ फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते. आंबट वास आला की टाकून द्या, तीच पुढे बुरशी धरते.

कागद कात्रीनं कापू नका, हातानं फाडा. फाटलेली कड पातळ होते आणि खालच्या थरात मिसळून जाते, कापलेली कड रंगाखालूनही रेघ दाखवते. गालाकपाळाला ३ सेंमी रुंद पट्ट्या घ्या, नाकाडोळ्यांना पोस्टाच्या तिकिटाएवढे तुकडे. मासिकांचा गुळगुळीत कागद खळ पीत नाही, तो बाजूला ठेवा. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, म्हणजे मातीला चिकटत नाही. पुढे एक थर वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा असे आलटून पालटून आठ. रंग वेगळा असल्यामुळे कुठे थर राहिला ते लगेच कळतं. प्रत्येक तुकडा अंगठ्यानं मधून कडेकडे दाबत हवा काढा. आत राहिलेल्या बुडबुड्यावर नंतर रंग तडकतो. एका दिवसात दोनच थर द्या.

सगळ्यात जास्त मुखवटे वाळवताना बिघडतात. कडक उन्हात बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच असतो आणि कडा आत ओढल्या जातात. सावलीत, पंख्याखाली, तीन-चार दिवस वाळू द्या. नखानं टिचकी मारा: टणक आवाज आला तर वाळला, बद्द वाजला तर थांबा. माती आकसून स्वतःच सुटायला लागते, तेव्हा काढा. आतून आणखी एक दिवस लागतो. कड वाकली असेल तर आतून ओल्या फडक्यानं भिजवा, मापाच्या भांड्यावर बांधा आणि पुन्हा वाळवा.

भुवया, मिशा आता लगद्यानं उठवा. रात्रभर भिजवून वाटलेली, घट्ट पिळलेली रद्दी दोन मुठी, व्हाइटिंग पावडर (खडूची बारीक पूड) एक मूठ, फेव्हिकॉल अर्धी वाटी. एका वेळी १ सेंमीपेक्षा जाड लावला की तडे जातात. डोळ्यांची भोकं पाडण्याआधी घालणाऱ्याच्या बुबुळांमधलं अंतर मोजा, ते साधारण ६ सेंमीच्या पुढे असतं. भोक १.५ सेंमीचं पुरतं. श्वासासाठी नाकपुड्या उघड्या ठेवा. कापलेल्या कडा कागद-फेव्हिकॉलनं बंद करा. नाडीच्या भोकांना आतून कापड चिकटवा, आणि कपाळाशी १ सेंमी फोम लावा म्हणजे पापण्या घासत नाहीत.

व्हाइटिंग आणि फेव्हिकॉलच्या पातळ लेपाचे दोन हात द्या, १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. पोस्टर कलर घामानं उतरतो, ॲक्रिलिक वापरा. फोटो काढायचे असतील तर वॉर्निश मॅट घ्या. चकचकीत वॉर्निशवर उजेडाचे पांढरे डाग उठतात आणि घडवलेला गाल सपाट दिसतो. चमक फक्त बुबुळांना आणि दातांना द्या, तेवढ्यानं चेहरा जिवंत होतो.

आता फोटो, तीन जागी. मोबाइल तोंडाजवळ नेला की नाक फुगतं आणि कान मागे पळतात. दीड-दोन मीटर लांब उभे राहा आणि २ एक्स लेन्स वापरा. लाल मुखवट्यात बारकावे उडतात, एक्स्पोजर (फोटोतला उजेड) ०.७ नं खाली आणा. हनुवटी जरा वर केली की मुखवटा हसल्यासारखा वाटतो, खाली केली की उदास. जपानच्या नोह नाट्यातले नट याच खुबीवर एकाच मुखवट्यातून भाव पालटतात. प्रत्येक जागी वर, सरळ आणि खाली असे तिन्ही कोन घ्या.

पहिली जागा शेणानं सारवलेली कुडाची भिंत, सकाळी आठच्या आत, ऊन तिरकं असताना. मुखवटा भिंतीला चिकटवू नका, भिंतीपासून हातभर पुढे ठेवा म्हणजे सावली मोकळी पडते. नुसता टांगला असेल तर डोळ्यांमागे काळं कापड लावा, नाहीतर भोकांतून भिंत दिसते. दुसरी जागा भाताचं खाचर किंवा एसटी स्टँडसारखी गजबज. तिथे मुखवटा माणसाच्या अंगावरच हवा, आणि खांदे-हात फ्रेममध्ये हवेत.

तिसरी रात्र. मशाल बाजूला आणि चेहऱ्यापेक्षा वर धरा. खालून उजेड आला तर वेताळ शोभतो, शारदा भेसूर दिसते. कॅमेऱ्याच्या मॅन्युअल सेटिंगमध्ये आयएसओ १६००, शटर १/१०० सेकंद आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ५००० केल्व्हिनवर बांधून ठेवा, ऑटोवर सोडलं तर कॅमेरा आगीचा रंगच धुऊन टाकतो. ज्योत हलते, म्हणून एका पोझचे वीसेक फोटो काढा. मुखवटा कागदाचा आहे, घालणाऱ्याला बाजूचं दिसत नाही: मशाल मुखवट्यापासून दोन मीटर दूर, ती धरायला वेगळा माणूस आणि जवळ पाण्याची बादली.

बोहाड्यात फोटो काढायचे असतील तर गोष्ट वेगळी. तिथे मुखवट्याची पूजा झालेली असते, सोंग घेतलेला माणूस त्या वेळी देव असतो. गावातल्या जाणत्यांना आधी विचारा, फ्लॅश बंद ठेवा, आणि फोटोसाठी मुखवटा काढायला किंवा आपल्या तोंडाला लावायला मागू नका.