युद्धकैदी म्हणून समुद्रात गेलेल्या पणजोबांची तारीख, तिथी आणि दगड

कोकणात पुष्कळ घरांत एवढंच माहीत असतं: पणजोबा दुसऱ्या महायुद्धात गेले, परत आले नाहीत. देह नाही, तारीख नाही, म्हणून पान सर्वपित्रीला. पण तारीख बरेचदा सापडते, आणि ती सापडली की पुढचं सगळं जागेवर बसतं. सुरुवात तिथूनच करा.

आधी पलटण पक्की करा. घरात कुणी 'काली पाचवी' म्हणत असेल तर पाचवी पलटण शोधत बसू नका. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. काली पाचवी म्हणजे जुनी १०५ वी, पुढे ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण. २१ जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा हीच पलटण तिथे होती आणि तिचे जवान कैद झाले. उत्तर आफ्रिकेतल्या अशा कैद्यांना जहाजात कोंबून इटलीला नेत. जहाजावर कैदी आहेत अशी खूण नसे, त्यामुळे टॉर्पेडो सुटले ते ब्रिटिश पाणबुड्यांकडूनच. १७ ऑगस्ट १९४२ ला 'निनो बिक्सिओ'वर मारा झाला. १३ ऑक्टोबर १९४२ ला 'लोरेटो' सिसिलीतल्या पालेर्मोजवळ बुडालं, त्यात हिंदी कैदी होते.

आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. रेजिमेंटच्या रकान्यात हल्लीचं 'मराठा' टाकलं तर काही हाती लागणार नाही. तेव्हाचं स्पेलिंग एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं होतं. आडनावाच्या नादी लागू नका. सावंतमधला 'व' कधी डब्ल्यू, कधी व्ही. चव्हाणांचं चौहान झालेलं असतं. काही नोंदींत आडनावच नाही. आडनावाची पहिली तीन अक्षरं घ्या, वर्ष १९४२ ठेवा आणि 'अधिक माहिती'त वडिलांचं नाव आणि गाव जुळतं का ते पाहा. मालवण, कणकवलीची गावं तिथे 'रत्नागिरी'खाली असतात, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, रायगडची 'कुलाबा'खाली.

नोंद मिळाली की दोन गोष्टी बघा: तारीख आणि स्मारक. इजिप्तमधलं अलामीन स्मारक ज्यांची कबर ज्ञात नाही अशांसाठी आहे. तारीख तोब्रुकनंतरची, स्मारक अलामीन, आणि त्याच पलटणीतल्या आणखी काही जणांची तारीख नेमकी तीच असेल, तर जहाजाचा संशय बळावतो. लढाई संपल्यावर एकाच दिवशी इतके कैदी एरवी का जातील? इटलीत कबर असेल तर मात्र बहुधा छावणीतलं आजारपण. पूर्वेकडे, सिंगापूरला पकडलेल्यांसाठी असंच क्रांजीचं सिंगापूर स्मारक पाहा. सेवा क्रमांक उतरून घ्या. बेळगावचं मराठा रेजिमेंटल सेंटर किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र लिहाल तेव्हा तो क्रमांक पहिल्याच ओळीत हवा; नुसत्या नावावर कुणी काही शोधू शकत नाही, एकाच नावाचे खंडीभर असतात.

तारखेवरून तिथी काढायला शके १८६४ चं पंचांग लागतं. निनो बिक्सिओची तारीख नागपंचमीच्या आसपास येते, लोरेटोची नवरात्रात. नेमकी तिथी गुरुजींकडून ठरवून घ्या. वर्षश्राद्ध त्या तिथीला. पितृपक्षात मात्र शस्त्राने किंवा पाण्यात गेलेल्यांची तिथी चतुर्दशी, सर्वपित्री नव्हे. बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती घरांत इंग्रजी तारीख पुरेशी.

समुद्राला नारळ द्यायचा असेल तर ओहोटी लागताना द्या. भरतीत दिलेला नारळ पुढच्याच लाटेबरोबर पायाशी परत येतो आणि घरच्यांच्या जिवाला ते लागतं. वेळेचा कोळ्यांचा हिशोब सोपा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीचा तास. चतुर्दशीला चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे अकराच्या पुढे जा, आणि अपराह्नाच्या श्राद्धाला घरी पोचता येतं. बंदराप्रमाणे अर्धा तास मागेपुढे होतो, तिथल्या माणसाला विचारा. चतुर्दशीला उधाणाचं पाणी असतं आणि भाद्रपदात दर्या पुरता शांत झालेला नसतो. ओहोटी बाहेर ओढते, म्हणून गुडघ्यापुढे पाण्यात उतरू नका. खाडीच्या तोंडाशी तर नाहीच. धक्क्यावरून सोडलेला उत्तम. फुलं सुटी न्या, दोऱ्यात ओवलेली नकोत.

गावात दगड लावायचा तर जांभा वापरू नका. सच्छिद्र असल्याने त्यात अक्षराची धार टिकत नाही. काळा दगड घ्या, साधारण दीड फूट बाय दोन फूट, दोन इंच जाड. अक्षर इंचभर उंच आणि चार-पाच मिलिमीटर खोल कोरलेलं. नुसतं रंगवलेलं अक्षर खारा वारा आणि पाऊस खाऊन टाकतात. लोखंडी खिळा गंजून फुगतो आणि दगडाला तडा देतो. पितळी खुंट्या बसवा. दगड किंचित पुढे झुकता ठेवा, पाणी साचलं की शेवाळ धरतं.

मजकूर कोरण्याआधी कागदावर मोठ्याने वाचा. 'तोब्रुकच्या लढाईत धारातीर्थी' असं लिहिण्याचा मोह होतो. ते खरं नाही, आणि तसं लिहिलं की पुढची पिढी चुकीच्या तारखेला पान वाढते. नाव, वडिलांचं नाव, वाडी, हुद्दा, सेवा क्रमांक, '२/५ मराठा लाइट इन्फन्ट्री'. त्याखाली 'युद्धकैदी असताना भूमध्य समुद्रात मृत्यू', तारीख आणि तिथी. शेवटी 'नाव कोरलेलं आहे: अलामीन स्मारक, इजिप्त'. जहाजाचं नाव कागदोपत्री पक्कं झालं असेल तरच घाला, नाहीतर त्या ओळीपुरती जागा कोरी ठेवा. मागाहून कोरता येते.