तालमी संपत आल्यावर स्टेज मॅनेजर म्हणून आलात तर आधी हे करा
गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागात दिवाळीनंतर झाडीपट्टी नाटकांचा सीझन लागला की असं होतेच, तालमी आटोपत आल्या अन् मॅनेजर नवीन. भाऊ, पहिल्या दिवशी कोणाले काही सांगू नका, सरळ प्रॉम्प्टरच्या (नटांले डायलॉग आठवून देणाऱ्याच्या) बाजूले बसा अन् त्याची वही मागा, कारण तालमीत बदललेले डायलॉग, कापलेला प्रवेश, कुठं ऑर्गन वाजते हे सगळं त्याच वहीत पेनानं खरडलेलं असते, टाईप केलेल्या संहितेत नाही. ते सारं आपल्या कॉपीत पेन्सिलनंच उतरवा, उद्या पुन्हा बदलते.
मंग प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या सामानाची, पेटी स्वतः उघडून एकेक वस्तू हातात घेऊन पाहा. मी एकदा फक्त यादीवर टिक मारली, अन् प्रयोगात कंदिलाची काचच नव्हती, हिरॉईन अंधारात थांबून राहिली, मले आजही वाईट वाटते.
आधी ज्यानं हे काम सांभाळलं त्याले फोन नक्की करा. कोणाची एन्ट्री नेहमी उशिरा होते, कोणाले कपडे बदलायले किती वेळ लागते, हे त्यालेच माहीत असते.