पॉलिमर कोबा घालताय? मराठवाड्याच्या उन्हात या चुका टाळा

लातूरची डाळमिल असो, वाळूजमधलं शेड असो की परभणीतलं दवाखान्याचं जुनं बांधकाम, स्लॅबवर पातळ पण टिकाऊ थर द्यायचा तर पॉलिमर कोबा, म्हणजे पॉलिमर मॉडिफाइड स्क्रीड, हा उत्तम पर्याय आहे. सिमेंट-वाळूच्या मालात एसबीआर (एक कृत्रिम रबर) किंवा अ‍ॅक्रिलिक लेटेक्स, म्हणजे पाण्यात मिसळलेलं दुधासारखं पॉलिमर, घातलं की पकड वाढते, झीज कमी होते. तरीही असे मजले वर्षभरात पोकळ वाजताना दिसतात. दोष क्वचितच कॅनमधल्या मालाचा असतो. साध्या कोब्याच्या सवयी इथे जशाच्या तशा वापरल्या जातात आणि तिथेच काम बिघडतं.

निवडताना पहिली गफलत जाडीची होते. स्लॅबला चिकटवलेला पॉलिमर कोबा साधारण 12 ते 40 मिमी जाडीत घालतात. त्याहून मोठा खड्डा भरायचा असेल तर खाली आधी काँक्रीट घ्या, महागडं लेटेक्स भरावात घालवू नका. खाली प्लास्टिकची शीट किंवा वॉटरप्रूफिंगचा पडदा असेल तर कोबा चिकटायला जागाच नसते. तिथे साधा कोबाच घ्या, तोही किमान 50 मिमी. बाथरूमसारख्या ओल्या जागी पीव्हीए (पांढऱ्या गोंदातलं पॉलिमर) टाळा, कारण पाणी लागलं की ते पुन्हा मऊ पडतं. दूध, ताक किंवा आम्ल सांडणाऱ्या जागेसाठीही हा कोबा पुरेसा नाही. आम्ल त्यातल्या सिमेंटला खातंच, तिथे वरून इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) यांचा राळेचा थर लागतो.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट म्हणजे काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तळमजल्याखालची काळी माती काढून मुरूम नीट दाबून भरला नसेल, तर खालचा बेडच हलतो आणि वरचा कोबा त्याच्याबरोबर तडकतो. हे दुखणं कोणत्याही लेटेक्सने बरं होत नाही.

आता तळाची तयारी. स्लॅबवरची सिमेंटची कमजोर साय, तेल, रंग, जुना क्युरिंग कंपाउंड (ओल टिकवायला काँक्रीटवर फवारलेलं रसायन) हे सगळं निघालंच पाहिजे. टाचे मारा किंवा ग्राइंडर फिरवा, मग व्हॅक्यूमने धूळ उचला. नुसता झाडू मारून भागत नाही. खात्री करायची तर ओंजळभर पाणी शिंपडा. पाणी थेंब धरून राहिलं तर तेल किंवा कंपाउंड अजून आत आहे, मुरलं तर पुढे जा. आदल्या रात्री स्लॅब भिजवा, सकाळी साचलेलं पाणी टिपून घ्या. तळ ओलसर हवा, पण वर पाणी तरंगता कामा नये.

सगळ्यात जास्त नुकसान स्लरीच्या वेळी होतं. लेटेक्स, पाणी आणि सिमेंटची स्लरी ब्रशने घासून लावायची आणि ती ओली असतानाच वर माल टाकायचा. मिस्त्री मात्र वेळ वाचवायला पूर्ण खोलीला एकदम स्लरी मारून ठेवतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना ती बघता बघता सुकते. सुकलेली स्लरी चिकटवायचं सोडून उलट दोन थरांना वेगळं करते. म्हणून पुढच्या काही मिनिटांत माल पडेल तेवढ्याच पट्ट्याला स्लरी लावा. सुकलीच तर तिच्यावर दुसरा हात मारू नका, खरवडून काढा.

पाण्याचा हिशेबही चुकतो. समजा 50 किलो सिमेंटला 8 लिटर लेटेक्स घेतलं आणि त्यात 40 टक्के घन भाग आहे, तर उरलेलं जवळपास 5 लिटर पाणीच असतं. एकूण 20 लिटर पाणी ठरलं असेल, तर वरून 15 लिटरच घालायचं. वाळू ओली असेल तर तेही कमी. लेटेक्समुळे माल तसाही सैल वाटतो. बोअरचं पाणी खारं असेल तर तपासून घ्या. काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार (आयएस 456) आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि कोबा त्याच आरसीसीवर बसतो. क्रश सँडमध्ये डस्ट जास्त असेल तर पाण्याची मागणी वाढते, हेही लक्षात असू द्या. लेटेक्सचे कॅन पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात ठेवू नका. वापरण्याआधी हलवा, तारीख बघा. मिक्सर हळू आणि थोडाच वेळ फिरवा, नाहीतर मालात हवा भरते. कालवलेला माल अर्ध्या तासात संपवा. घट्ट झालेल्या घमेल्यात पाणी ओतून तो पुन्हा कालवणं म्हणजे मजल्याची ताकद हाताने काढून टाकणं.

उन्हात वर पटकन पापुद्रा धरतो. त्यावर रंधा फिरवला की तो फाटतो, बारीक रेषा उमटतात. मग त्या बुजवायला पाणी शिंपडतात, कोरडं सिमेंट भुरभुरवतात. पुढे नेमका हाच वरचा थर धूळ सोडतो. यावर उपाय सोपा आहे. पहाटे काम धरा, खिडक्यांना कापड लावा, पंखे बंद ठेवा.

आणि क्युरिंग. कडेने आळी घालून सात दिवस पाणी तुंबवायची आपली जुनी पद्धत इथे घात करते. सिमेंटला ओल हवी, पण लेटेक्समधले पॉलिमरचे कण पाणी उडाल्यावरच एकमेकांना धरून जाळं करतात. म्हणून पहिले 24 ते 48 तास ओलं गोणपाट आणि वर प्लास्टिक, मग झाकण काढून सावलीत वाळू द्या. नेमके तास कॅनवर छापलेले असतात, ते पाळा. मुकादमाला हे आदल्या दिवशीच सांगा, नाहीतर बिगारी सवयीने पाइप सोडतोच. वर विनाइल किंवा इपॉक्सी येणार असेल तर घाई नको, ओलावा मोजूनच पुढे जा.

तरीही बिघडलं तर? हातोडीने हलकेच ठोकत फिरा आणि पोकळ वाजणाऱ्या जागा खडूने आखा. कोपऱ्यातली लहानशी, न हलणारी जागा सोडली तरी चालेल. ट्रॉलीच्या वाटेवरची किंवा दारातली मात्र कटरने चौकोनी कापून तळापर्यंत काढा आणि नव्याने भरा. तडा सरळ रेषेत आणि खालच्या स्लॅबच्या सांध्यावरच असेल, तर तो सांधा वर आणायचा राहिला आहे. तिथे माल भरू नका, रेषा कापून सीलंट घाला. पृष्ठभाग धूळ सोडत असेल तर खिळ्याने ओरखडा काढा. वरवरचाच निघाला तर सिलिकेट हार्डनर काम देईल. खिळा खोल रुतला आणि वाळू सुटी झाली, तर तेवढा कोबा काढावाच लागेल.