गाभण मेंढीवरील औषध-प्रयोग: अर्थ लावताना या चुका टाळा

मातेचा रक्तदाब सावरला म्हणजे गर्भाचे रक्ताभिसरणही सावरले, असे गृहीत धरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. गर्भारपणात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या जवळजवळ पूर्ण प्रसरण पावलेल्या असतात. त्यामुळे मातेचा दाब घसरला की तिथला प्रवाहही घसरतो, परंतु दाब चढवणारे औषध त्याच वाहिन्या आकुंचित करत असेल, तर मातेचा आकडा सुधारूनही प्रवाह घटतो. 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंढ्यांवरील अभ्यासात मेथॉक्सामिन या दाब चढवणाऱ्या औषधाने नेमके हेच केले, तर इफेड्रिन या तशाच दुसऱ्या औषधाने प्रवाह बऱ्यापैकी टिकवला.

दुसरी चूक याच निष्कर्षाच्या पोटात होती. सिझेरियनच्या वेळी कमरेतून भूल दिल्यावर घसरणारा दाब सावरण्यासाठी पुढे कित्येक वर्षे इफेड्रिनलाच पसंती मिळाली. मात्र स्त्रियांवरील चाचण्यांत, फेनिलेफ्रिन या दाब चढवणाऱ्या आणखी एका औषधाच्या तुलनेत, इफेड्रिन दिल्यावर नाळेच्या धमनीतील रक्त अधिक आम्लधर्मी आढळले, कारण इफेड्रिन वार (प्लॅसेंटा) ओलांडून गर्भात पोहोचते आणि त्याचा चयापचय वाढवते. मेंढीवरचे मोजमाप खोटे नव्हते. प्रवाह मोजून गर्भाची एकूण स्थितीच मोजली असे मानले गेले, तिथे गफलत झाली. शिवाय मेंढीच्या वारेची रचना मानवी वारेपेक्षा वेगळी असते, हेही विसरून चालत नाही.

नोंदी विचित्र दिसल्या, तर औषधाला दोष देण्याआधी शस्त्रक्रियेची तारीख पाहावी. मोजमापासाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्यांत नळ्या बसवल्यानंतर गर्भाला सावरायला काही दिवस लागतात, आणि भूल स्वतःच रक्ताभिसरण बदलते. धमनीतील प्राणवायूचा दाब 20 ते 25 मिमी पारा दिसल्याने नवखे संशोधक घाबरतात. कोकराच्या गर्भात तो स्वाभाविक असतो. (मीही पहिल्यांदा यंत्रच बिघडले असे समजलो होतो.)

गर्भाचे वय न नोंदवता केलेली तुलना निरुपयोगी ठरते. इंडोमेथॅसिन या वेदनाशामक औषधाने डक्टस आर्टेरिओसस (गर्भातील रक्त फुप्फुसांना वळसा घालून महाधमनीत नेणारी वाहिनी) आकुंचन पावतो, पण ही संवेदनशीलता प्रसूतिकाळ जवळ येईल तशी वाढते. म्हणून सुमारे 147 दिवसांच्या गर्भकाळातील शंभराव्या दिवशी काही दिसले नाही, एवढ्यावरून ते औषध निर्धोक ठरत नाही. उंदरांच्या प्रयोगात मात्र एका मादीची दहा पिले म्हणजे दहा स्वतंत्र नमुने नव्हेत; औषध मादीला दिलेले असते, तेव्हा गणना मादीचीच करावी.