नाटकाला चाल देण्याआधी

संगीतकार व्हायचंय म्हणून सांगलीत माझ्याकडे पेटी शिकायला येणारी मुलं पहिला प्रश्न विचारतात, किती राग यायला हवेत? राग यायलाच हवेत. पण नाटकासाठी चाली बांधायच्या असतील तर मी त्यांना आधी दोन महिने कुठल्यातरी तालमीला बसायला पाठवतो. पेटीला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं.

मी स्वतः नेमकं उलटं केलं होतं. एका हौशी संस्थेचं संगीत नाटक स्पर्धेला जाणार होतं आणि पदं माझ्याकडे आली. घरी बसून मारुबिहाग रागात एक चाल सुचली, मुखडा म्हणजे पदाची पहिली ओळ थेट तार षड्जावरून, वरच्या 'सा'वरून, उचललेला. आठवडाभर मी त्याच आनंदात होतो. तालमीत नायिका नदीवरून धावत आली, घागर खाली ठेवली, गायला तोंड उघडलं आणि पहिल्याच अक्षरावर तिचा श्वास तुटला. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. ती मुलगी माझी माफी मागत होती आणि चूक सगळी माझी होती. मग ऑर्गनवर तालाची दोन आवर्तनं गाण्याशिवाय मोकळी ठेवली, मुखडा खाली गंधारावर, म्हणजे 'ग'वर, आणला आणि तार षड्ज अंतऱ्यासाठी, पदाच्या पुढच्या भागासाठी, राखून ठेवला. त्या दोन आवर्तनांत ती घागरीशेजारी टेकायची, पदराने कपाळ पुसायची. प्रसंग तिथेच उभा राहायचा, पद नंतर यायचं.

चाल गळ्यावर बेतावी लागते, हे जुनंच शहाणपण आहे. पाश्चात्य संगीतकार मोत्सार्टने १७७८ साली वडिलांना लिहिलं होतं की, आरिया म्हणजे ऑपेरातलं एकट्याने गायचं गाणं गायकाच्या अंगावर नीट बेतलेल्या कपड्यासारखी बसलं की मला आवडतं. आपल्याकडे 'मानापमान' (१९११) गोविंदराव टेंब्यांनी आणि 'स्वयंवर' (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी बांधलं, तेव्हा त्यांच्यासमोर बालगंधर्वांचा गळा होता. आणि आपल्या हरिपूरच्या देवलांची 'शारदा' (१८९९) जरूर अभ्यासा. एखादं पद इतकं साधं का ठेवलं असेल, हे त्या पात्राचं वय आठवलं की कळतं.

म्हणून एक वही करा. प्रत्येक नटाची पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या स्वराला 'सा' धरून तो गातो, तो न ताणता कुठवर जातो, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी आल्यावर कुठवर जातो, सगळं लिहा. द्वंद्वगीतात हीच वही वाचवते. नायक काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) आणि नायिका काळी चारमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज तिच्या मध्यमावर, म्हणजे त्याचा 'सा' तिच्या 'म'वर, येतो. हे धरून चाल बांधली की दोघांचे गळे निभतात. नाहीतर एक ओरडतो आणि दुसरा पुटपुटतो.

ऑपेराचं, म्हणजे पाश्चात्य संगीत नाटकाचं, वेड असेल तर तयारी वेगळी आणि लांबची आहे. आपल्याकडे संगीतकार चाल देतो, गायक ती फुलवतो. तिथे प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर संगीतकार कागदावर लिहून देतो, बहुतेक वेळा संवादसुद्धा गायचे असतात. गायक माइकशिवाय गातात, त्यामुळे त्यांचा आवाज ऑर्केस्ट्राखाली दबणार नाही हेही लिहितानाच बघायचं. स्टाफ नोटेशन (पाश्चात्य स्वरलिपी), पियानो, हार्मनी (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचा मेळ) याला पर्याय नाही. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. रात्रीच्या गाडीने जा, पण एकदा तरी समोर बसून ऐका. स्पीकरवर तो अंदाज येत नाही.

पैशाचं सांगायचं तर नुसत्या नाटकांवर माझं घर कधीच चाललं नाही. शिकवण्या, साथसंगत, शाळांची स्नेहसंमेलनं हे सगळं धरून चालतं. मात्र चाली देताना कागद करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी सहीशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. त्यात माझ्या दोन नाटकांच्या चाली हातच्या गेल्या.

सध्याच्या नाटकातली नायिका बारावीला आहे. परीक्षा संपल्यावर तालमी लागतील. तिची दोन पदं मी तोवर अर्धीच ठेवली आहेत.