यामिकीचा अभ्यास: सूत्राआधी आकृती

अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेच्या भौतिकशास्त्रात यामिकीचे (बल आणि गती यांच्या शास्त्राचे) नियम सर्वांत कमी आणि प्रश्न सर्वांत जास्त असतात. न्यूटनचे तीन नियम आणि त्यांच्यातून निघणारी कार्य-ऊर्जा, संवेग (वस्तुमान गुणिले वेग) व कोनीय संवेग (फिरण्याच्या गतीतील त्याचे प्रतिरूप) यांची विधाने एका पानावर मावतात. तरीही दोन वर्षे अभ्यास केलेला विद्यार्थी ‘आता पाचरही सरकू शकते’ एवढा एक बदल केलेल्या प्रश्नापाशी अडतो, कारण त्याने नियमांऐवजी विशिष्ट परिस्थितींची उत्तरे पाठ केलेली असतात. परीक्षा विचारते ती निवड: कोणती वस्तू वेगळी काढायची, कोणता नियम लावायचा आणि तो इथे का लागू होतो. अभ्यासाची आखणीही याच निवडीभोवती करावी.

सुरुवातीला लागणारे गणित थोडे आहे. सदिशांचे घटक पाडणे, साध्या फलांचे विकलन व संकलन, आणि आलेखावरून उतार व क्षेत्रफळ वाचणे एवढे हाताला सहज येईपर्यंत पुढे जाऊ नये. पण संपूर्ण कलनशास्त्र झाल्यावरच यामिकी सुरू करू, अशी वाटही पाहू नये. शुद्धगतिकीत (बलांचा विचार न करता गतीच्या वर्णनात) प्रक्षेप्याची, म्हणजे फेकलेल्या वस्तूची, सूत्रे घोकण्यात बरेच विद्यार्थी नको इतका वेळ घालवतात. आडव्या दिशेने स्थिर वेग आणि उभ्या दिशेने स्थिर त्वरण या दोन स्वतंत्र गती आहेत, हे धरून प्रत्येक प्रश्न सोडवावा. पल्ल्याचे प्रसिद्ध सूत्र फक्त फेकण्याची व पडण्याची पातळी एकच असतानाच चालते, आणि परीक्षक ती पातळी मुद्दाम बदलतो. सापेक्ष वेगाला मात्र सवड द्यावी, कारण तो पुढे टक्कर, पाचर आणि घरंगळणे या सर्व ठिकाणी परत भेटतो.

खरा अभ्यास फ्री बॉडी डायग्रामपासून सुरू होतो, आणि माझ्या मते एकूण वेळेचा मोठा वाटा इथेच खर्च करावा. एका वस्तूसाठी एकच स्वतंत्र आकृती काढावी आणि त्या वस्तूवर बाहेरून लागणारी बलेच तीत दाखवावीत. प्रत्येक बाणाजवळ ते बल कोण लावते हे लिहावे: पृथ्वी, दोरी, पृष्ठभाग, स्प्रिंग. ज्या बलाचा कर्ता सांगता येत नाही ते बल आकृतीतून पुसून टाकावे. अभिकेंद्री बल हे असे वारंवार घुसणारे बल आहे. ते वेगळे बल नसून तणाव, घर्षण, गुरुत्व यांच्या केंद्राकडील निव्वळ बेरजेचे नाव आहे. त्वरणित चौकटीत, म्हणजे स्वतः त्वरणाने जाणाऱ्या निरीक्षकाच्या जागी, बसून प्रश्न सोडवायचा असेल तर छद्मबल (फक्त त्या निरीक्षकाला भासणारे, कर्ता नसलेले बल) जरूर घ्यावे, पण तसे ठरवल्याची नोंद आकृतीशेजारी करावी, म्हणजे एकाच समीकरणात दोन चौकटी मिसळणार नाहीत.

आकृतीनंतर अक्षांची निवड येते, आणि एक अक्ष त्वरणाच्या दिशेने घेणे हा इथला सर्वांत उपयोगी नियम आहे. घर्षणरहित स्थिर उतारावरून ठोकळा घसरत असेल तर अभिलंब बल (पृष्ठभागाचा लंब दिशेतील रेटा) हे वजन गुणिले कोनाचा कोसाइन एवढे असते. तेवढ्याच कोनाच्या घर्षणरहित कललेल्या वळणावरून गाडी एकाच पातळीवर वर्तुळात जात असेल तर मात्र अभिलंब बल हे वजन भागिले कोसाइन एवढे भरते. भूमिती तीच आणि बलेही तीच, पण पहिल्या प्रसंगी त्वरण उताराच्या दिशेने आहे आणि दुसऱ्या प्रसंगी आडवे आहे. ज्याने पहिले उत्तर पाठ केले आहे तो दुसऱ्या प्रश्नात निश्चित चुकतो.

घर्षणात जवळजवळ सर्व चुका एकाच समजुतीतून होतात: घर्षण म्हणजे घर्षण गुणांक गुणिले अभिलंब बल. स्थितिक (वस्तू घसरत नसतानाच्या) घर्षणासाठी ही फक्त कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष घर्षण गरजेइतकेच असते. गुळगुळीत जमिनीवर ३ किलोचा ठोकळा, त्यावर २ किलोचा ठोकळा, दोघांमधील घर्षण गुणांक ०.३ आणि गुरुत्वीय त्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग अशी मांडणी घ्यावी. खालच्या ठोकळ्याला १० न्यूटनने ओढले तर दोन्ही ठोकळे २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने एकत्र जातात आणि घर्षण ४ न्यूटन असते, ६ नव्हे. वरच्या ठोकळ्याला पुढे नेणारे बल केवळ घर्षणच असल्यामुळे त्याचे त्वरण ३ च्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून एकत्र गतीची मर्यादा १५ न्यूटनला संपते. आता तेच बल वरच्या ठोकळ्याला लावले तर मर्यादा १० न्यूटनवर येते, कारण आता ३ किलोच्या ठोकळ्याला ओढण्याचे काम ६ न्यूटनच्या घर्षणाकडे आहे. हे दोन्ही भाग उत्तर न पाहता सुटले, तर घर्षणाचे प्रकरण बऱ्यापैकी समजले असे धरावे. पद्धत नेहमी अशी ठेवावी: आधी वस्तू घसरत नाही असे गृहीत धरून लागणारे घर्षण काढावे, मग ते मर्यादेत बसते का ते पाहावे, आणि बसत नसेल तरच गतिक घर्षण वापरून पुन्हा मांडणी करावी.

कप्पीच्या प्रश्नांसाठी वेगळी सूत्रे नकोत. दोरीची लांबी स्थिर आहे हे समीकरण लिहून त्याचे दोनदा विकलन केले की त्वरणांमधील संबंध आपोआप मिळतो.

यानंतर नियम निवडण्याचा प्रश्न उभा राहतो. वेळ किंवा क्षणिक बल विचारले असेल तर न्यूटनचा दुसरा नियम. दोन स्थितींमधील चाल, उंची किंवा स्प्रिंगचे आकुंचन विचारले असेल तर ऊर्जा. अत्यल्प काळाचा आघात असेल तर संवेग, अशी ढोबळ वाटणी सुरुवातीला पुरते. मात्र एकाच प्रश्नात टप्पे बदलले की नियमही बदलतो, आणि परीक्षकाचे लक्ष नेमके तिथे असते. दोरीने टांगलेल्या ९९० ग्रॅमच्या ठोकळ्यात १० ग्रॅमची गोळी २०० मीटर प्रति सेकंद वेगाने आडवी घुसून रुतते, असे समजा. आघातात संवेग टिकतो, म्हणून एकत्र वेग २ मीटर प्रति सेकंद येतो. त्यानंतरच्या वर जाण्यात यांत्रिक ऊर्जा टिकते, म्हणून उंची ०.२ मीटर येते. ज्याने सुरुवातीपासूनच ऊर्जा टिकवली त्याला उंची २० मीटर मिळते, कारण गोळीच्या २०० ज्यूलपैकी १९८ ज्यूल आघातातच खर्च झाले हे त्याने पाहिले नाही. ठोकळ्याऐवजी एका टोकाला खिळलेला दांडा असेल तर आघातात संवेगही टिकत नाही, कारण खिळा स्वतः आवेग देतो. तिथे खिळ्याभोवतीचा कोनीय संवेग टिकतो. प्रत्येक वेळी ‘टिकते’ असे लिहिण्याआधी ‘कारण’ लिहिण्याची शिस्त लावून घ्यावी.

घूर्णन गती हा सर्वांत कठीण भाग मानला जातो, आणि ते बरोबरच आहे. परंतु जडत्व आघूर्णांच्या (फिरण्याला होणाऱ्या विरोधाच्या मापांच्या) तक्त्यामुळे तो कठीण होत नाही, बिंदूच्या निवडीमुळे होतो. टॉर्क (बलाचा फिरवणारा परिणाम) म्हणजे जडत्व आघूर्ण गुणिले कोनीय त्वरण, हे समीकरण स्थिर अक्षाभोवती किंवा वस्तुमान केंद्राभोवती निःशंक वापरावे. इतर बिंदू घेण्याआधी थांबून विचार करावा. घरंगळण्यात घर्षणाची दिशा डोळे मिटून ठरवू नये. खडबडीत आडव्या जमिनीवर न घसरता घरंगळणाऱ्या चकतीच्या केंद्राशी आडवे बल लावले तर घर्षण मागे लागते. तेच बल सर्वांत वरच्या बिंदूशी लावले तर घर्षण पुढे लागते आणि बलाच्या एकतृतीयांश असते. चकतीच्या जागी पातळ कडे असेल तर या दुसऱ्या मांडणीत घर्षण शून्य होते. ही तीन उत्तरे समीकरणांतून स्वतः काढावीत, घर्षणाचे चिन्ह मोकळे सोडून. उतारावरून घरंगळताना भरीव गोल, चकती आणि कडे यांची त्वरणे घर्षणरहित घसरण्याच्या त्वरणाच्या अनुक्रमे ५/७, २/३ आणि १/२ असतात. वस्तुमान व त्रिज्या या उत्तरांत का येत नाहीत, हे शब्दांत सांगता आले पाहिजे.

सराव करताना संख्येपेक्षा पद्धत पाहावी. नव्या प्रकरणातील प्रश्न आधी घड्याळाविना सोडवावेत. अडलेल्या प्रश्नाला वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत, आणि मग उत्तराची फक्त पहिली ओळ पाहून वही पुन्हा उघडावी. संपूर्ण उत्तर वाचून ‘समजले’ म्हणणे हा अभ्यास नव्हे. चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत लिहिताना चूक आकृतीत होती, नियमाच्या निवडीत होती, गणितात होती की प्रश्न वाचण्यात होती, एवढेच नोंदवावे. आकडेमोडीची चूक आणि निवडीची चूक यांवरचे उपाय वेगळे आहेत. पहिली कागदावरच्या नीटनेटकेपणाने कमी होते, दुसरीसाठी प्रकरण पुन्हा उघडावे लागते. ते प्रश्न आठवड्याभराने पुन्हा कोऱ्या कागदावर सोडवावेत. प्रकरणवार सराव संपला की मिश्र प्रश्नसंच घ्यावेत, कारण प्रकरणाचे नाव माहीत असले की नियमाची निवड आधीच झालेली असते.

उत्तर आल्यावर दोन तपासण्या कराव्यात. पहिली मितींची, म्हणजे दोन्ही बाजूंची एकके जुळतात का याची. दुसरी टोकाच्या स्थितीची: गुळगुळीत जमिनीवरील मोकळ्या पाचरीवरून ठोकळा खाली येऊन आडवा निसटतो, या प्रश्नात पाचर अतिशय जड मानली तर ठोकळ्याचा वेग स्थिर उतारावरच्या वेगाएवढा यायलाच हवा; तसा येत नसेल तर समीकरणात चूक आहे. बहुपर्यायी प्रश्नात या दोन तपासण्यांनीच कधी कधी दोन-तीन पर्याय बाद होतात. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या पर्यायाला १ गुण कापला जातो, त्यामुळे आकृती काढूनही नियम ठरत नसेल तर प्रश्न सोडून पुढे जावे आणि फेरी पूर्ण झाल्यावर परत यावे. जेईई ॲडव्हान्स्डमधील एकाहून अधिक बरोबर पर्यायांच्या प्रश्नांत प्रत्येक पर्याय स्वतंत्र विधान म्हणून तपासावा. तिथे अंशतः गुण मिळतात, पण एकही चुकीचा पर्याय निवडला तर तेही जातात, म्हणून खात्री नसलेला पर्याय मोकळा सोडलेला बरा.