वसुली एजन्सीचे पत्र आल्यावर या चुका टाळा

अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला कधीतरी कोण्या अनोळखी वसुली एजन्सीचे पत्र येते आणि जुन्या क्रेडिट कार्डाचे किंवा रुग्णालयाचे काहीशे डॉलर थकले असल्याचे त्यात लिहिलेले असते. ते देणे खरे असू शकते, अर्धवट खरे असू शकते किंवा दुसऱ्याच कोणाचे असू शकते. कारण थकीत खाती एजन्सीकडून एजन्सीकडे विकली जातात आणि त्या प्रवासात नावे, रकमा व तारखा यांची सरमिसळ होते. १९७७ च्या फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस ॲक्टने अशा वेळी पुरावा मागण्याचा हक्क दिला आहे. मात्र आधी बोलायचे, मग थोडे भरायचे आणि शेवटी कागद तपासायचे, असा उलटा क्रम धरला की तो हक्क बऱ्याच अंशी हातचा जातो.

सर्वांत जास्त लोक चुकतात ते फोनवर. “हे देणे माझे नाही” असे दहा वेळा ठणकावून सांगितले, तरी वसुली थांबवण्याचे बंधन एजन्सीवर येत नाही. पहिल्या संपर्कानंतर पाच दिवसांच्या आत एजन्सीने देण्याचा तपशील कळवणारी नोटीस पाठवायची असते, आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली, तरच पडताळणीचे कागद पाठवेपर्यंत तिला हरकतीपुरती वसुली थांबवावी लागते. म्हणून फोनवर एजन्सीचे नाव, पत्ता आणि संदर्भ क्रमांक एवढेच विचारून घ्यावे; सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा बँक खात्याची माहिती देऊ नये आणि “हो, तेव्हा भरायचे राहून गेले होते” असे सहज बोलूनही जाऊ नये. हरकतीचे पत्र सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीटसह पाठवावे आणि पत्राची प्रत व परत आलेली पोच जपून ठेवावी.

दुसरी चूक म्हणजे नोटीस नीट न वाचणे. नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या रेग्युलेशन एफ या संघीय वसुली नियमावलीनुसार नोटिशीत एका ठरावीक तारखेला किती बाकी होती, त्यानंतर व्याज व शुल्क किती चढले आणि जमा किती झाले, हे वेगवेगळे दाखवावे लागते. हरकतीची मुदत कोणत्या तारखेला संपते, तेही तिथेच छापलेले असते. बहुतेक नोटिशींच्या तळाशी कापून पाठवण्याचा एक फॉर्म असतो. त्यात हे देणे माझे नाही, रक्कम चुकीची आहे आणि इतर कारण, असे चौकोन असतात. मूळ धनकोचे नाव व पत्ता मागवण्यासाठीही एक चौकोन असतो आणि तो भरणे नेहमीच फायद्याचे ठरते. त्याखालीच सोबत अमुक रक्कम पाठवत आहे अशी ओळ असते. ती कोरी ठेवावी.

हरकत नेमकी असावी. रुग्णालयाच्या बिलाचे ४१२ डॉलर मागितले आहेत आणि विमा कंपनीच्या ‘एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स’ या पत्रकात रुग्णाचा वाटा ८७ डॉलर दाखवला आहे, असे समजा. अशा वेळी “देणे माझे नाही” असे लिहिण्यापेक्षा “रक्कम चुकीची आहे” असे लिहून त्या पत्रकाची प्रत जोडली, तर टाळाटाळीला जागा उरत नाही. इंटरनेटवरचे ठोकळेबाज नमुने मात्र वीस-वीस कागदांची मागणी करतात आणि मूळ सही असलेला करार आला नाही तर देणे रद्द होते, असा भ्रम निर्माण करतात. कायद्यात असे काही नाही. पडताळणी म्हणून न्यायालयांनी बरेच त्रोटक कागदही पुरेसे मानले आहेत, आणि एजन्सीने किती दिवसांत उत्तर द्यावे याला मुदत नाही; उत्तर येईपर्यंत तिने वसुली करायची नाही, एवढेच. ३० दिवस उलटून गेले असतील तर हरकत तरीही घ्यावी. एजन्सी मग थांबायला बांधील नसते, पण मुदतीत हरकत घेतली नाही म्हणजे देणे कबूल केले, असा अर्थ न्यायालयाला काढता येत नाही.

तगाद्याला कंटाळून “निदान पंचवीस डॉलर भरून टाकू” असा विचार मनात येतो. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. दावा दाखल करण्याची मुदत राज्यानुसार वेगळी असून अनेक ठिकाणी ती तीन ते सहा वर्षे असते. मुदत संपलेल्या देण्यासाठी दावा करण्यास किंवा तशी धमकी देण्यास एजन्सीला मनाई आहे. परंतु बऱ्याच राज्यांत थोडीशी रक्कम भरली किंवा लेखी कबुली दिली तरी ती मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या अहवालात, थकबाकीची नोंद राहण्याची सात वर्षांची मुदत याहून निराळी आहे आणि ती पैसे भरल्याने लांबत नाही. त्या रिपोर्टमधील चुकीच्या नोंदीसाठी असे रिपोर्ट बनवणाऱ्या इक्विफॅक्स, एक्स्पीरियन किंवा ट्रान्सयुनियन या कंपन्यांपैकी जिथे नोंद दिसते, तिथे स्वतंत्र हरकत द्यावी लागते.

न्यायालयाचे समन्स आल्यावर “मी एजन्सीला हरकतीचे पत्र पाठवले आहे, आता तिने उत्तर द्यावे” असे म्हणून स्वस्थ बसणे घातक आहे. ते पत्र न्यायालयात गेलेले नसते. समन्सवरील मुदतीत लेखी उत्तर दाखल केले नाही, तर एकतर्फी निकाल लागू शकतो आणि पुढे पगारातून कपात सुरू होऊ शकते. अशा देण्यांसाठी संघीय कायद्यानुसार ही कपात सक्तीच्या वजावटींनंतर उरलेल्या पगाराच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. दाव्याची मुदत संपलेली असेल, तर तो मुद्दाही त्या उत्तरातच स्पष्टपणे मांडावा, कारण प्रतिवादीने तो उपस्थित केला नाही तर न्यायालय सहसा स्वतःहून त्याची दखल घेत नाही.